आत्याबाईचं पुढे काय होणार?

आमच्या धाकट्या दिरांना कुणी धंदा विचारला तर ते सरळ उत्तर देत नाहीत. "लांबच्या प्रवासाचा बंदोबस्त करतो," म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस एकतर ट्रॅव्हल कंपनीत आहे नाहीतर स्मशानात. प्रत्यक्षात भावजी मोटरसायकलच्या गाद्या बनवतात.

दुकान गॅरेजच्या गल्लीत आहे. एका अंगाला गाड्या रंगवणारा रंगारी, समोर टायरवाला, कोपऱ्यावर चहाची टपरी. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्या भागात भावजी फोम कापतात आणि मागच्या अर्ध्या भागात मी शिलाई मशीनवर रेग्झिनची कव्हरं शिवते. खरं तर हा धंदा दोघा भावांनी मिळून करायचा होता. पण आमच्या ह्यांना फोमच्या भुग्याने शिंका येतात, आणि एकदा सुरू झाल्या की थांबायचं नाव नाही. शेवटी ते कचेरीत नोकरीला चिकटले आणि सासूबाई मला म्हणाल्या, चार दिवस तू मशीनवर बस. ते चार दिवस अजून संपायचे आहेत.

भावजींचा जीव मात्र एकाच गाडीवर. लांब पल्ल्यासाठी बनवलेली ती एक थोराड मोटरसायकल आहे. कंपनीने तिला वाऱ्याबिऱ्याचं कसलंसं इंग्रजी नाव दिलंय, पण आमच्या गल्लीत तिला सगळे आत्याबाई म्हणतात. कारण ती दोन्ही बाजूंना पेट्या लटकवून येते, आली की दार अडवून उभी राहते, कुणी कितीही घाई केली तरी आपली चाल सोडत नाही, आणि एकदा निघाली की पोचल्याशिवाय राहत नाही. तिच्यात खोट एकच. कंपनीने इंजिन दिलं हत्तीचं आणि गादी दिली शाळेच्या बाकाची. त्या गादीवर दिवसभर बसलेला माणूस संध्याकाळी उभ्यानेच जेवतो. ह्या एका चुकीवर आमची दोन घरं चालतात, त्यामुळे मी कंपनीला कधी नावं ठेवली नाहीत.

आता झालं असं, की कंपनीने बरीच वर्षं ह्या आत्याबाईत काडीचा बदल केला नाही. बाकीच्या गाड्या दर वर्षी नवे दिवे, नवे रंग लेवून येतात. आत्याबाई आहे तशीच. त्यातून प्रश्न निघाला, की हिचं पुढे काय होणार? कंपनी ही गाडी बंद करणार, की नवी आणणार? आणि ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दर रविवारी सकाळी आमच्या दुकानासमोर एक मंडळ जमतं. सगळे आत्याबाईवाले. त्यांत दातांचे डॉक्टर असतात, एक विमा एजंट असतात, आणि मध्ये स्टुलावर, भुवयांवर फोमचा भुगा पांघरून, आमचे भावजी.

ह्या मंडळाला कशातूनही भविष्य दिसतं. शोरूमवाल्याने आत्याबाई दारातून हलवून खांबामागे ठेवली. विमावाले म्हणाले, "संपलं. बंद होणार." भावजी म्हणाले, "छे छे, पुढे नवीसाठी जागा करतायत." हेडलाइटची काच दोन महिने बाजारात मिळेना. डॉक्टर म्हणाले, जुनी काच बनवणं थांबवलंय, म्हणजे नवी येतेय. मग काच मिळायला लागली. तर म्हणे, साठा संपवतायत, म्हणजे तरी नवीच येतेय! कुणाच्या तरी भाच्याचा मित्र कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला होता. त्याने सांगितलं की साहेब लोक हल्ली जेवताना फार हळू बोलतात. त्या हळू बोलण्यावर मंडळाचे तीन रविवार निघाले. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, ही म्हण मी आतून दोनतीनदा ऐकवली. कुणी मान वळवून पाहिलं नाही.

बरं, ह्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. माणसं रविवारी पत्ते कुटतात, हे आत्याबाई कुटतात. पण एक माणूस होतं, ज्याचं बिघडत होतं. माझी धाकटी जाऊ.

तिला सगळे सिस्टर म्हणतात. जन्मभर इस्पितळात नर्स होती, त्यामुळे गल्ली तिला सिस्टर म्हणते, दूधवाला म्हणतो आणि मीही म्हणते. नोकरीतली तिची पहिली नेमणूक एका डोंगरातल्या छोट्या दवाखान्यात झाली होती, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. तिथे ती तीन वर्षं राहिली, पण बघितलं काय, तर बाळंतिणींची खोली आणि औषधांचं कपाट. खिडकीतून एक रस्ता वळणं घेत वर जाताना दिसायचा. तो कुठे जातो ते बघायचं राहून गेलं. लग्नानंतर भावजी आत्याबाईच्या गाद्या करायला लागले तेव्हा ती म्हणाली, आपण ह्या गाडीवरून एकदा तिकडे जाऊ. भावजी म्हणाले, "जाऊ की! पण थोडं थांब. नवं मॉडेल येऊ दे. जुनी घेतली आणि महिन्याभरात नवी आली तर लोक हसतील मला."

तेव्हापासून नवं मॉडेल सहा महिन्यांत येतंय. भावजींचे सहा महिने आणि सासूबाईंचे चार दिवस एकाच मापाचे. जगातल्या सगळ्या आत्याबायांच्या गाद्या करणाऱ्या ह्या माणसाकडे स्वतःची गाडी म्हणून एक फटफटणारी जुनी स्कूटर.

सिस्टर निवृत्त झाली त्या महिन्यात डॉक्टरांनी, दातांच्या नव्हे, हाडांच्या, तिचा डावा गुडघा दाबून बघितला आणि म्हणाले, चालतंय तोवर चालवा. घरी येऊन तिने भावजींना सांगितलं, "अहो, माझा गुडघा काही कंपनीच्या तारखा बघून थांबणार नाही. ह्या वर्षी जायचं असेल तर जाऊ. पुढच्या वर्षी मी त्या गाडीवर चढू शकेन असं मला वाटत नाही." भावजींनी तिचं म्हणणं अगदी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अगं, मग तर नवीच बरी. नवीची उंची कमी असणार म्हणतात."

आणि नेमका तेव्हा तो फोटो आला.

विमावाल्यांच्या फोनवर आला आणि घटकाभरात सगळ्यांच्या फोनवर गेला. सिग्नलला थांबलेली एक मोटरसायकल, अंगभर काळ्या-पांढऱ्या टेपच्या पट्ट्या गुंडाळलेली. दिव्यावर कागद, नंबरप्लेटवर कागद. चालवणाऱ्याच्या तोंडावर जाड मास्क, डोळ्यांवर गॉगल. खाली लिहिलेलं, 'गुप्त चाचणी! हीच का नवी?' कंपन्या नवी गाडी रस्त्यावर तपासताना ती अशीच झाकून फिरवतात म्हणे. ठेवण मात्र आत्याबाईचीच होती. मंडळ रविवारपर्यंत थांबलंच नाही, मंगळवारीच जमलं.

सगळं झाकलेलं होतं, फक्त गादी उघडी होती. भावजींनी फोटो बोटांनी मोठा करून गादी बघितली आणि त्यांचा चेहरा तापलेल्या इस्त्रीसारखा झाला.

"ही माझी गादी आहे!" ते म्हणाले. "हा मागचा उतार बघा. हा कमरेपाशी दिलेला खळगा बघा. हे माझं काम आहे! कंपनीने माझी गादी चोरली!"

मी मशीनवरून उठले आणि फोटो बघितला. माझं मशीन जुनं आहे. गादीच्या उजव्या कोपऱ्यावर ते नेहमी दोन टाके गाळतं, म्हणून तिथे मी वरून दुहेरी शिलाई मारते. फोटोत ती दुहेरी शिलाई स्वच्छ दिसत होती.

"भावजी," मी म्हटलं, "ही तुमच्या गादीची नक्कल नाही. ही तुमचीच गादी आहे. हा बघा माझा टाका. माझं मशीन इथे टाके गाळतं, ते कंपनीला कुठून माहीत असणार?"

भावजींनी पुन्हा वाकून बघितलं, आणि मला वाटलं, पटलं. पण ते उठले ते मंडळाकडे तोंड करून. "बघितलंत? किती बेरकी आहेत! गाळलेला टाकासुद्धा उचलला! म्हणजे आपली गादी नेऊन, उसवून, टाका न् टाका मोजून नक्कल केलीय. आता शंकेला जागाच नाही."

मंडळाने माना डोलावल्या. मी मशीनवर जाऊन बसले. ज्याला पटवून घ्यायचंच नाही त्याच्यापुढे पुरावा ठेवला की तो त्याचंही सरपण करतो.

पुढचे दिवस भावजींचं काही खरं नव्हतं. सकाळी चोरी झाली म्हणून चिडायचे, आणि दुपारी, चोरावी अशी गादी आपण केली म्हणून फुलून यायचे. चहावाल्याला सांगायचे, "एवढ्या मोठ्या कंपनीत एवढे इंजिनियर, पण बसायचं कसं हे त्यांना आमच्याकडून शिकावं लागलं." सिस्टरला तर त्यांनी हात जोडूनच सांगितलं, "आता सहा महिने, फक्त सहा. आणि गादी तर माझीच असणार! तुला वेगळी करायलासुद्धा नको."

ती सरळ माझ्याकडे आली, मशीनच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "जाऊबाई, मी थकले. गुडघ्याने नाही, ह्यांच्या सहा महिन्यांनी."

त्या फोटोची धास्ती घेतली ती मात्र दातांच्या डॉक्टरांनी. त्यांची आत्याबाई तेव्हा बाजूच्या रंगाऱ्याकडे रंगायला पडली होती. नवी आली की जुनीला कोण विचारतो, म्हणून त्यांनी ठरवलं की रंग वाळताक्षणी ती विकून टाकायची. सिस्टरच्या कानावर हे आलं. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या दवाखान्यात गेली आणि गाडी घेऊन टाकली. घेणारं कोण हे कुणाला सांगायचं नाही, एवढी एकच अट घातली. मला सांगितलं तेव्हा मी डोक्यालाच हात लावला.

"अगं, पण चालवणार कोण?"

"ते येतीलच," ती म्हणाली. "नाही आले तर आत्याबाईच्या शेजारी खुर्ची टाकून बसेन. पण वाट बघत बसणार नाही."

पुढच्या रविवारी डॉक्टर मोठ्या तोऱ्यात आले. "वेळेवर विकली बघा," म्हणाले. "अजून महिना थांबलो असतो तर भंगारात गेली असती." तेवढ्यात रंगारी आमच्याकडे कात्री मागायला आला. एरवी तो ह्या मंडळाच्या वाऱ्याला उभा राहत नाही, कारण मंडळी बोलता बोलता त्याच्या ओल्या रंगावर हात टेकतात. विमावाल्यांच्या हातातला फोटो त्याला दिसला आणि तो म्हणाला, "अरे, हा तर मी!"

कुणालाच काही कळेना.

"मीच की. त्या दिवशी थिनर संपला आणि माझी स्कूटर पंक्चर. मग डॉक्टरांची गाडी, रंगासाठी टेप-कागद लावलेली, तशीच काढली. काळी टेप अर्ध्यात संपली होती म्हणून मध्ये मध्ये पांढरी. आणि मास्क माझा रोजचाच. कुणी काढला हो फोटो? बरा आलाय."

चहाचे ग्लास हातातच राहिले. डॉक्टरांनी फोटोकडे बघितलं, मग रंगाऱ्याकडे, मग परत फोटोकडे. "म्हणजे ही… माझी गाडी?"

"मग कुणाची?"

स्वतःच्याच गाडीच्या फोटोला भिऊन स्वतःची गाडी विकणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी मशीनवर डोकं टेकून इतकी हसले की सुतात गाठ पडली. डॉक्टर बिचारे गाडी परत मिळते का बघायला धावले, पण सिस्टरने आधीच कागदांवर सह्या घेऊन ठेवल्या होत्या. इंजेक्शन देताना तिचा हात जसा कधी हलला नाही, तसा इथेही नाही हलला.

आणि भावजी? मला वाटलं, आता तरी हा माणूस जमिनीवर येईल. संध्याकाळी शटर ओढताना म्हणाले, "वहिनी, फोटो खोटा निघाला, हे बरंच झालं."

"ते कसं काय?"

"त्या खोट्या फोटोवर किती लोक तुटून पडले, बघितलंत ना? कंपनी काय डोळे मिटून बसलीय? तिला आता कळलं असणार, गिऱ्हाईक आहे म्हणून. आता नवी आणल्याशिवाय गत्यंतर नाही. फार तर सहा महिने."

मला त्या क्षणी त्यांचा खरोखर राग आला. हसू येऊन येऊन शेवटी येतो तसला राग. घरी एक बाई जिने चढताना कठड्याला धरून थांबते आहे, आणि ह्यांना कंपनीच्या मनातलं दिसतंय.

दोन दिवसांनी सिस्टर दुकानात आली. भावजी टपरीवर कुणाला तरी भविष्य सांगत बसले होते. तिला आत्याबाईची मागची गादी आपल्या मापाची करून हवी होती, गुपचूप. आता हे माप घ्यायची आमची एक पद्धत आहे. आत्याबाईच्या उंचीचा एक लाकडी घोडा आहे, त्यावर ओलसर वाळूची एक उथळ पेटी. गिऱ्हाइकाने तीत बसायचं. उठलं की वाळूत ठसा राहतो, त्यावरून भावजी फोम कापतात. सिस्टर माझ्या खांद्यावर भार देऊन स्टुलावर चढली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकला, बसली, उतरली, आणि वाळूचे हात धुवायला मागच्या नळावर गेली. एवढ्यात भावजी परत आले.

"कोण बसून गेलं?"

"गिऱ्हाईक," मी म्हटलं. "डॉक्टरांची गाडी घेतलीय ना, त्या. मागची गादी हवीय."

भावजींनी बाह्या सारल्या आणि वाळूवर वाकले. दिवसातून एवढ्या एका वेळेलाच त्यांचं तोंड बंद असतं. ठशाच्या कडेने त्यांनी बोटं फिरवली, तळहात टेकवून खोली बघितली.

"साठीच्या आसपासच्या बाई आहेत," ते म्हणाले. "आणि वहिनी, ह्यांनी जन्म उभं राहून काढलाय. सगळा भार उजवीकडे टाकलाय. डावा गुडघा सांभाळतायत. दुखतो, पण सांगत नसणार फारसं." मग त्यांनी पेटीच्या मागच्या भागातल्या सपाट, न मोडलेल्या वाळूवर हात ठेवला. "आणि हे बघा. एवढी जागा असून बसल्यात कुठे, तर पार पुढच्या टोकाला. ही बाई आयुष्यात कधी पुरती बसलेली नाही. आता कुणीतरी हाक मारेल आणि उठावं लागेल, अशी बसते."

मी विचारलं, "गादी होईल ना पण?"

"गादीचं काय, गादी मी अशी करीन की त्यांना झोप लागेल. पण गुडघा थांबणार नाही. यंदा चढतील. पुढच्या वर्षी उचलून ठेवावं लागेल. त्यांच्या घरच्यांना म्हणावं, जिथे न्यायचं असेल तिथे आत्ताच घेऊन जा." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. आवाज चढला. "अशी बाई घरात असताना लोक वाट तरी कसली बघत बसतात, कळत नाही मला!"

"नव्या मॉडेलची," मागून आवाज आला.

सिस्टर मागच्या दारात उभी होती, ओले हात रुमालाला पुसत. उजव्या पायावर भार देऊन.

भावजींनी तिच्याकडे बघितलं. मग वाळूकडे. मग तिच्या डाव्या गुडघ्याकडे. मला त्यांची दया आली आणि तिचा अभिमान वाटला, आणि डोळे दोन्हींमुळे भरून आले.

ते उठले, फळीने वाळू परत सारखी केली आणि स्टूल घोड्याला लावून स्वतः धरून उभे राहिले.

"चढ," ते म्हणाले.

ती चढली. डावा पाय ह्या वेळी त्यांनी उचलून पलीकडे ठेवला. ती बसली, नेहमीसारखी, पुढे.

"मागे सरक."

ती थोडी सरकली.

"अजून. पुरती टेकून बस. आता कुणी हाक मारणार नाहीये."

सिस्टर सरकली. वाळू करकरली आणि तिच्याखाली सावकाश बसत गेली. तिने डोळे मिटले. भावजी खाली वाकून ठसा उमटताना बघत होते आणि नाकावरचा भुगा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होते.

"निघायचं कधी?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"परवा सकाळी. चिकटवलेला फोम वाळला की लगेच," भावजी म्हणाले, आणि माझ्याकडे वळून खेकसले, "वहिनी, बघत काय उभ्या राहिलात? कव्हर शिवायला घ्या!"